अर्धा भाव, अर्धं दान

भाव सांगताना आपला आवाज खाली का जातो? भाजी घेताना जात नाही. पाच रुपयांसाठी आपण भाजीवालीशी खणखणीत बोलतो. स्वतःच्या कामाचे पैसे सांगायची वेळ आली, की मात्र "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" म्हणून मोकळ्या होतो. घरात याचं कौतुकही होतं. "आमची सून लोभी नाही हो," असं म्हणतात. लोभ हा कषाय, तेव्हा कमी पैसे घेणं म्हणजे पुण्य, असा सोपा हिशोब आपण मांडून ठेवला आहे. मला तो पटत नाही.

मी शनवाऱ्यात राहते आणि घरूनच ऑनलाइन भाषांतराचं काम करते. मराठीतून हिंदी, हिंदीतून मराठी. बऱ्हाणपुरात या दोन भाषा शिकायला कुठं जावं लागत नाही, गल्लीतच मिळतात. गिऱ्हाईक पुण्याचं असतं, इंदूरचं असतं, कधी परदेशातलं. त्याला मी दिसत नाही, माझं घर दिसत नाही. दिसतो तो फक्त शब्दाचा दर.

एकदा वही घेऊन बसले. रोज चार तास, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ९६ तास. त्यातला चौथा हिस्सा मेल, बिलं आणि "जरा थांबा, कळवतो" यात जातो. उरलेल्या ७२ तासांत, तपासणी धरून तासाला ३०० शब्द, म्हणजे २१,६०० शब्द होतात. समजा शब्दाला ४० पैसे घेतले. आले ८,६४० रुपये. काम मिळवून देणाऱ्या वेबसाइटचे २० टक्के गेले, उरले ६,९१२. लॅपटॉपची झीज, इंटरनेट, वीज मिळून २,००० धरा. हातात ४,९१२. म्हणजे तासाला ५१ रुपये. हाच दर १ रुपया २० पैसे केला, तर तासाला १९५ पडतात. फायव्हर नावाची वेबसाइट २०१० साली सुरू झाली, तेव्हा तिथं काम पाच डॉलरला मिळे, आणि त्यातला एक डॉलर वेबसाइट ठेवी. नावही त्या पाचावरूनच पडलं. पाच डॉलरच्या मागे किती तास आहेत, हे त्या नावात कुठं लिहिलेलं नसतं.

दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्यात आहेत. त्यांतला एक अतिभारारोपण, झेपणार नाही एवढा भार लादणं. दुसरा अन्नपाननिरोध, वेळेवर खाऊपिऊ न देणं. हे ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे बैलगाडी येते. जेवण बाजूला सारून रात्री दीड वाजेपर्यंत पडद्यासमोर बसलेली बाई येत नाही. तिच्यावर भार कोणी घातला? थोडा गिऱ्हाइकानं, आणि बराचसा तिनंच सांगितलेल्या भावानं. आपला जीव हाही जीवच आहे. त्याच्यापुरती अहिंसा माफ केल्याचं मी तरी कुठं वाचलेलं नाही.

त्याच अध्यायात अचौर्याचेही अतिचार आहेत, आणि ते मला दुसऱ्या बाजूनं धरतात. हीनाधिकमानोन्मान म्हणजे घ्यायचं माप वेगळं, द्यायचं वेगळं. प्रतिरूपकव्यवहार म्हणजे तुपात डालडा. हल्ली मशीन क्षणात भाषांतर करून देतं. तेच इकडेतिकडे पुसून "हातचं काम" म्हणून पूर्ण दर लावला, तर तो डालडाच. म्हणून माझे दोन दर आहेत. मुळातून केलेल्या भाषांतराला १ रुपया २० पैसे, मशीनचं तपासून द्यायला ५० पैसे, आणि कोणतं कोणतं ते बिलावर लिहिलेलं असतं. कोणी म्हणालं "फक्त नजर टाका", तर आधी एक पान बघते. नजर टाकण्याजोगं नसेल तर तसं सांगते.

यात नवीन काही नाही. आपल्या गावात मागावर मजुरी मीटरनं मिळते, विडी वळणाऱ्या बायकांना हजारानं. ठेकेदार खराब म्हणून ज्या विड्या बाजूला काढतो त्याला छाट म्हणतात, आणि छाटीची मजुरी मिळत नाही. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याखाली राज्यांनी नियम केले, त्यांत या छाटीलाही मर्यादा घातली. आमच्या कामातल्या छाटीचं नाव "करेक्शन". कागद परत येतो, पुन्हा येतो, पैसे तेवढेच. म्हणून दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून वेगळे, हे मी आधीच लिहून देते. भांडायला नको म्हणून.

आता आपल्या घरचं अवघड. "समाजाचं काम आहे, थोडं कमी घ्या." स्मरणिका, पत्रिका, पाठशाळेचं पुस्तक. मी कमी घेत नाही. एक तर पूर्ण घेते, नाहीतर एक पैसाही नाही. स्मरणिकेचे १२,००० शब्द केले, तर १४,४०० रुपयांचं बिल करते आणि खाली "दान" लिहिते. एका काकूंनी विचारलं, "अगं, दानाचं बिल करतात का? गुप्तदानाचं महत्त्व वेगळं." त्यांचं म्हणणं मी सोडून दिलेलं नाही. पण ते बिल फलकावर लागत नाही, खजिनदाराकडे जातं. पुढच्या वर्षी हेच काम एखाद्या गरजू मुलीकडे गेलं, तर त्याची किंमत काय होती हे कमिटीला माहीत असावं, एवढाच हेतू. अर्ध्या भावात केलेलं काम धड धंद्यात धरता येत नाही, धड दानात. देणाऱ्याला वाटतं आपण पैसे दिले, घेणारीला वाटतं आपण उपकार केला. मग दोघंही कुरकुरतात.

मग स्वस्तात काम करणारी चुकते का? इथं मी अडते. गल्लीतल्या एका मुलीनं काम मिळावं म्हणून ४० पैसे सांगितले, आणि माझं जुनं गिऱ्हाईक तिच्याकडे गेलं. तिच्या वडिलांचा लूम बंद आहे. आमच्याकडे दुकान चालतं, म्हणून एखाद्या कामाला "नाही" म्हणणं मला परवडतं. तिला नाही परवडत. जिला आजच किराणा भरायचा आहे, तिला अतिभारारोपण समजावून सांगणं मला शोभणार नाही.

एकटीनं भाव धरला तर काम दुसरीकडे जातं, हे खरं आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं पुढे लिज्जत झालं. लाटणाऱ्या बहिणी तिथं मालकीणही असतात, आणि लाटण्याची मजुरी वजनावर ठरलेली असते. शेजारणीपेक्षा स्वस्त लाटून तिचं काम ओढायची सोयच नाही. आम्ही ऑनलाइनवाल्या आपापल्या खोलीत एकेकट्या. एकीचा दर दुसरीला माहीत नाही, आणि गिऱ्हाइकाला मात्र सगळ्यांचे माहीत.

म्हणून आता गावातल्या आम्ही पाच जणी एकमेकींना दर सांगतो. मोठं काम आलं तर त्या मुलीला पूर्ण दरानं वाटा देते, मधले पैसे ठेवत नाही. तिनं तिचा दर ७० पैसे केला आहे. एक गिऱ्हाईक गेलं, दोन टिकली. गेलेल्याचं नुकसान आम्ही चौघींनी भरून द्यावं का, यावर अजून बोलणं चालू आहे. तुम्ही घरून काही करत असाल, शिवण, खाखरे, शिकवणी, काहीही, तर या आठवड्यात आपला दर शेजारणीला सांगून बघा. तिचाही विचारा.