बोलघेवडा गस मॅक्रे

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांडे नदीकाठी लोन्सम डव्ह नावाचं धुळकट गाव आहे, ते लॅरी मॅकमर्ट्रीच्या कादंबरीत. तिथे ऑगस्टस ऊर्फ गस मॅक्रे पहाटे परसात निखाऱ्यांवर लोखंडी भांडं ठेवतो. आंबवलेल्या पिठाची बिस्किटं भाजून होईपर्यंत बायबल चाळतो. त्याचं दिवसाचं काम जवळपास इथेच आटोपतं. मग ओसरीवर व्हिस्कीचा बुधला आणि अखंड बडबड. कधीकाळी हा टेक्सास रेंजर्सचा कॅप्टन होता. त्याचा जोडीदार वुड्रो कॉल याला मात्र कामाला जुंपून घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

1985 साली आलेल्या ‘लोन्सम डव्ह’ या कादंबरीला पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालं. 1989च्या टीव्ही मालिकेत रॉबर्ट डुव्हालने गस साकारला आणि तो घराघरांत पोचला.

मॅकमर्ट्रीला मात्र हे नको होतं. आर्चर सिटीजवळच्या रँचवर वाढलेल्या या लेखकाला काउबॉयच्या दंतकथेचा बुरखा फाडायचा होता. वाचकांनी ती दंतकथाच उराशी धरली. याला कारण गसच. इतका जिवाभावाचा माणूस समोर आला की त्याचा हिशेब मागायचं भान राहत नाही.

खरं तर तो हिशेब गस स्वतःच मांडतो. गुरांचा कळप घेऊन माँटानाकडे निघालेला असताना त्याला प्रश्न पडतो: मूळ रहिवाशांना हुसकावून आपण ही जमीन मोकळी केली ती कुणासाठी, बँकवाल्यांसाठी? हा प्रश्न हवेतला नाही. या मूळ रहिवाशांपैकी स्वतंत्र राहिलेल्या कोमान्चींच्या शेवटच्या मोठ्या टोळीने 1875 मध्ये फोर्ट सिल इथे शरणागती पत्करली होती. गसवर प्रेम करणाऱ्यांनी त्याची ही टोचणीही ऐकायला हवी. तिच्याविना तो नुसता गमत्या म्हातारा उरतो.

माँटानात गसच्या पायात बाण घुसतात, जखम सडते. एक पाय कापला जातो, दुसऱ्याला तो हात लावू देत नाही आणि मरतो. त्याचा देह टेक्सासला न्यायचं कॉल कबूल करतो. याला आधार खऱ्या घटनेचा आहे. 1867 मध्ये गुरांचे कळप हाकणारा ऑलिव्हर लव्हिंग न्यू मेक्सिकोत जखम चिघळून गेला आणि त्याचा जोडीदार चार्ल्स गुडनाइटने त्याचा देह टेक्सासमधल्या वेदरफर्डला आणवला.

लव्हिंगला आपल्या मुलखात विसावायचं होतं. गसला हवी असते ग्वादालुपे नदीकाठची ती राई, जिथे तो आपल्या जुन्या प्रेयसीबरोबर, क्लाराबरोबर, वनभोजनाला जायचा. बिनकामाच्या गोष्टींकडे जन्मभर पाठ फिरवणारा कॉल तेवढ्यासाठी अर्धा देश ओलांडतो.