झाकणाखालचा भात
इराणी चेलो भात शिकताना सर्वांत अवघड जातं ते हात आवरणं. तांदूळ मिठाच्या भरपूर पाण्यात अर्धवट उकळून निथळतात, तुपातेलावर त्याची शीग रचतात, झाकणाला फडकं गुंडाळतात आणि मंद आचेवर सुमारे तासभर ठेवतात. फडकं वाफेचं पाणी शोषतं, म्हणून दाणे मोकळे राहतात. तळाशी सोनेरी, कुरकुरीत तहदीग धरते. मध्येच डोकावलं की वाफ गेलीच! कुणी म्हणेल, तहदीग करणारे विजेचे कुकर इराणी घरांत आहेत की. आहेत, आणि सोयीचेही आहेत. पण त्यांत बहुधा पाणी न निथळलेला ‘कते’ होतो. चेलोचा दाणा बाहेरून मऊ, आत किंचित कणीदार असतानाच उकळत्या पाण्यातून निथळावा लागतो, आणि ती वेळ तांदूळ जुना की नवा यावर हलते. ती बोटांनीच ओळखायची.