नोंद आणि ताबा

खरेदीखत झालेले आहे, फेरफार मंजूर आहे, सातबाऱ्यावर नावही चढलेले आहे, आणि तरीही जमिनीचा ताबा मात्र मिळालेला नाही, ही तक्रार घेऊन माणगावच्या कचेरीच्या पायरीशी बसलेला माणूस दिसला नाही, असा दिवस माझ्या अर्जनविशीच्या काळात क्वचितच उगवला असेल. कागदावर जो मालक असतो तो बांधावर परका असतो, ही गोष्ट कोकणात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पंडिता रमाबाईंची १९०७ साली प्रसिद्ध झालेली आत्मकथनपर साक्ष मी प्रथम वाचली तेव्हा, धर्मशास्त्राचा काडीमात्र अभ्यास नसतानाही, या बाईंचे दुःख मला परिचित वाटले ते त्यामुळेच.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने भागवताचे अठरा हजार श्लोक बालपणी मुखोद्गत केले, दुष्काळात मातापितरे गमावली, १८८२ साली वैधव्य पाहिले आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडातील वाँटेज येथे लहानग्या लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. स्वकीयांनी त्यांना भ्रष्ट ठरविले. परंतु ज्यांच्या पंथात त्या गेल्या त्यांनाही ही नवी शिष्या सुखाची वाटली नाही, कारण त्र्यैक्याच्या सिद्धान्तावर त्या शंका काढीत आणि गुरुजनांच्या आज्ञेपुढे मान तुकविण्याऐवजी पत्रांतून वाद मांडीत. घर सोडून आलेल्या माणसाने नव्या घरात तरी मुकाट बसावे, अशी अपेक्षा करणारे लोक दोन्ही तीरांवर सारखेच असतात.

बाप्तिस्म्याने रमाबाईंना मनःशांती लाभली नाही. ती लाभली १८९१ साली, म्हणजे तब्बल आठ वर्षांनी. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. पुण्य, विद्या, सेवा यांपैकी कशाच्याही मोबदल्यात तारण मिळत नसून ते केवळ विश्वासाने स्वीकारावयाचे असते, हे त्यांना तेव्हा उमगले. देण्याची सवय जडलेल्या स्वाभिमानी मनाला घेणे किती जड जाते, हे ज्याने कधी कोणाचे उपकार अंगावर घेतले असतील त्याला कळेल.

मला मात्र त्या आठ वर्षांविषयी अधिक कुतूहल आहे. गावनमुना सातमध्ये हक्कदाराचे नाव असते आणि बारामध्ये प्रत्यक्ष पिकाची नोंद असते. आता रमाबाईंचा बारा नंबर पाहावा तर त्या अशांत काळातच, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईस विधवांसाठी शारदासदन उभे राहिले होते. मनःशांती आधी आणि सत्कर्म मागाहून, हा जो क्रम आपण धर्मचर्चेत गृहीत धरतो, तो येथे साफ उलटा पडतो. ताबा मिळण्याच्या आधीच शेत पिकत होते.

उलट दाखला नीळकंठ (पुढे नेहेम्या) गोरे यांचा. काशीत वाढलेल्या या शास्त्र्यांनी ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी त्याचा अभ्यास आरंभिला आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. षड्दर्शनांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिण्याइतकी तीक्ष्ण असलेली त्यांची बुद्धी त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेलाही सोडीना, आणि संशयाचा तगादा १८९५ साली देह ठेवीपर्यंत त्यांच्या मागे राहिला. तरीही ते उपदेश करीत, लिहीत, आणि रमाबाईंना त्या मार्गाकडे वळविणाऱ्यांत त्यांचा वाटा होता. ज्याचा स्वतःचा दावा आमरण प्रलंबित, त्याने दुसऱ्याच्या बाजूने दिलेली साक्ष ग्राह्य धरावी काय? मी तरी धरीन. गोऱ्यांची श्रद्धा रमाबाईंच्या श्रद्धेपेक्षा उणी होती, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

आणि आमच्याच जिल्ह्यातील, पेण तालुक्यातील गागोद्यास जन्मलेल्या विनोबांनी तर आपले नाव त्या खात्यात कधी चढविलेच नाही, पण ‘ख्रिस्तधर्मसार’ सिद्ध केले. याला वहिवाट म्हणावे की अतिक्रमण, याचा निकाल देण्याचा अधिकार अर्जनविसाला नाही.

रमाबाईंची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात बायबलच्या मराठी अनुवादात गेली. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि १९२२ च्या एप्रिलात निधन होण्याच्या सुमारापर्यंत ते काम त्यांच्या हातून सुटले नाही. संस्कृत जिच्या जिभेवर बालपणापासून नांदत होते, ती विदुषी तेथे संस्कृतप्रचुर शब्द वेचून बाहेर काढीत होती आणि त्यांच्या जागी, नुकतीच अक्षरे जोडू लागलेल्या खेड्यातल्या बाईला कळेल असा शब्द शोधीत होती. हा परिच्छेद मी पुन्हा वाचून पाहिला. त्या बाईंनी यातले निम्मे शब्द खोडले असते.