सज्जन सत्ताधीश आणि चरित्राची मर्यादा

चरित्र हा वाङ्मयप्रकार एका गृहीतावर उभा असतो : माणसाच्या कृतींचा अर्थ त्याच्या स्वभावात आणि हेतूंत शोधता येतो. हे गृहीत बहुतेक वेळा निभावून जाते. परंतु चरित्रनायक परक्या सत्तेचा अधिकारी असतो आणि शिवाय खरोखरच सज्जन असतो, तेव्हा त्याची मर्यादा उघडी पडते. क्रूर अधिकाऱ्याविषयी नैतिक निर्णय देणे अवघड नसते. पेच निर्माण करतो तो भला अधिकारी. कुमाऊँचा कमिशनर सर हेन्री रॅमझे (१८१६-१८९३) हे या पेचाचे ठळक उदाहरण होय.

इंग्रज-गुरखा युद्धात, १८१५ साली, कुमाऊँ कंपनीच्या ताब्यात आले. प्रारंभीच्या काळात जी. डब्ल्यू. ट्रेल याने तेथील प्रशासनाची घडी बसवली; संवत १८८० म्हणजे इसवी सन १८२३ मधील त्याने केलेली गावसीमांची आखणी पुढे शंभर वर्षे लोकांच्या तोंडी राहिली. रॅमझे १८५६ ते १८८४ अशी अठ्ठावीस वर्षे कमिशनर होता. अल्मोड्यातील कुष्ठरोग्यांचा आश्रय, भाबरच्या पट्ट्यातील कालवे आणि वसाहती ही त्याची कामे. रामनगर हे गाव त्याच्याच नावाचे. तो डोंगर पायी तुडवी, लोकांच्या बोलीत बोले, तंटे जागच्या जागी मिटवी. लोक त्याला ‘रामजी साहेब’ म्हणत. इंग्रज त्याला कुमाऊँचा राजा म्हणत. १८५७ साली रोहिलखंडातून पळालेल्या युरोपियनांना नैनीतालमध्ये आसरा देणारा आणि प्रांतात लष्करी कायदा पुकारणारा अधिकारीही तोच.

ही दोन रूपे परस्परविरोधी वाटत असली, तरी त्यांचा उगम एकच आहे. कुमाऊँ हा ‘नॉन-रेग्युलेशन’ प्रांत होता. मैदानी मुलखातील कायद्यांची चौकट तेथे पूर्णपणे लागू नव्हती. महसूल, न्याय आणि बंदोबस्त यांची सूत्रे एका हाती एकवटत. वकिलांवाचून तत्काळ न्याय देणे ज्या मोकळिकीमुळे शक्य झाले, त्याच मोकळिकीमुळे त्या न्यायाविरुद्ध दाद मागण्याची वाट अरुंद राहिली. रॅमझेचा सद्गुण आणि त्याचे अनुत्तरदायित्व या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या; पहिल्याला वाव मिळत होता तो दुसऱ्यामुळे.

येथे ‘दौरा’ या घटनेकडे नीट पाहायला हवे. चरित्राच्या दृष्टीने दौरा म्हणजे साहेब गावी येणे आणि गाऱ्हाणे ऐकणे. पण साहेबाचे तंबू आणि पेट्या डोंगर चढून येत त्या माणसांच्या पाठीवरून. ‘कुली उतार’ या पद्धतीनुसार जमीनधारक कुटुंबांना पाळीपाळीने, नाममात्र मजुरीवर, सरकारी ओझे वाहणे भाग होते. ‘बेगार’ तर विनामोबदला असे. ‘बरदाइश’ म्हणजे मुक्कामाला लाकूड, गवत, दूध, धान्य पुरवणे. ही प्रथा इंग्रजांनी शून्यातून निर्माण केली नव्हती. आधीच्या राजवटींतही तिची रूपे होती. इंग्रजी राज्याने तिला वही दिली. कोणाची पाळी केव्हा, हे गावच्या पधानाकडील नोंदवहीत लिहिलेले असे. ज्या गावात न्याय पोहोचायचा, त्याच गावाने तो खांद्यावर वाहून आणायचा, अशी ही व्यवस्था होती.

कांटने १७९३ मध्ये पितृवत् शासनाला कल्पनेतील सर्वांत मोठी जुलूमशाही म्हटले. तेथे प्रजा अज्ञान मुलासारखी असते : तिने सुखी कसे व्हावे हे शासक ठरवतो, आणि ते सुख मिळणे त्याच्या कृपेवर अवलंबून राहते. मिलने १८५९ साली स्वातंत्र्याचे तत्त्व मांडले, पण ‘मागासलेल्या’ समाजांना त्यातून वगळले. आदल्याच वर्षापर्यंत तो कंपनीच्या नोकरीत होता. आपल्या भाषेतील ‘मायबाप सरकार’ या शब्दप्रयोगात कांटचा आक्षेप आणि मिलचा अपवाद दोन्ही सामावले आहेत. त्यात आर्जव आहे, हक्क नाही. मायबापाकडे मागता येते. मायबापाला जाब विचारता येत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की आजची मूल्ये एकोणिसाव्या शतकावर लादणे अन्यायाचे आहे. परंतु कांट रॅमझेच्या जन्मापूर्वीचा आहे, आणि ओझे वाहणाऱ्याला ते जड आहे हे कळण्यासाठी आजच्या मूल्यांची गरज नव्हती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : आश्रय मिळालेल्या कुष्ठरोग्याला तो भलेपणा खराच होता, मग त्याला सत्तेचा मुखवटा म्हणणे ही समीक्षकाची कठोरता नव्हे काय? आहे. वासाहतिक सत्तेची चिकित्सा करताना दयेला ढोंग ठरवण्याची सवय आपण सोडली पाहिजे. रॅमझेची दया खरी होती, आणि खरी असूनही ती अपुरी होती. ‘तो चांगला होता का?’ आणि ‘त्याला कोण विचारू शकत होते?’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर कितीही होकारार्थी आले, तरी दुसरा त्याने मिटत नाही. चरित्र बहुधा पहिल्यापाशीच थांबते, कारण त्याचे एकक व्यक्ती आहे.

दुसरा प्रश्न अखेर लोकांनीच विचारला. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाकेसरशी पधानांनी कुली उताराच्या वह्या सरयूच्या पात्रात फेकल्या. पुढे प्रथा संपुष्टात आली. त्या दिवशी त्यांनी वाईट साहेबापेक्षा चांगला साहेब मागितला नाही. साहेबाच्या चांगुलपणावर अवलंबून राहणेच नाकारले.

आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने याचा परिणाम विचार करण्याजोगा आहे. साहेबांचे अहवाल आणि आठवणी ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. ज्या वह्यांत सामान्य माणसांची नावे ओळीने लिहिलेली होती, त्या त्या माणसांनीच बुडवल्या, आणि तसे करणे न्याय्यच होते. त्यामुळे अशा प्रशासकाचे चरित्र लिहिणाऱ्याच्या हाती नेहमी एकाच बाजूचा कागद येणार. हे भान ठेवून त्याने नायकाच्या गुणांचे वर्णन जरूर करावे. मात्र प्रत्येक दौऱ्याच्या वर्णनापाशी थांबून, सामान कोणी वाहिले, हेही विचारावे.