पाहणारा आणि राहणारा

शनिवार-रविवार जोडून रत्नागिरीस जावें आणि तें शहर वाहनांत न बसतां केवळ पायांनीं पाहावें, ही कल्पना माझ्या एका मित्राची. हे गृहस्थ पुण्यास शिक्षक आहेत, व चालण्याविषयीं त्यांचें स्वतःचें असें एक तत्त्वज्ञान आहे. वाहनांतून जाणारा मनुष्य स्थळें नुसतीं ओलांडतो. जो पायीं जातो त्यालाच तीं दिसतात. कारण चढणीचा दम आणि उन्हाचा ताप सोसून त्यानें त्या दर्शनाची किंमत मोजलेली असते, असें ते म्हणतात. हें मत मला निघतांना बिनतोड वाटलें होतें. परत आल्यावर तें तसें वाटत नाहीं, आणि कां वाटत नाहीं एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

रत्नागिरी हें शहर चालणाऱ्याची परीक्षा घेणारें आहे खरें. समुद्र, खाडी आणि जांभ्या दगडाचे सडे यांच्या बेचक्यांत तें वसलें असल्यामुळें तेथील कोणताहि रस्ता फार वेळ सपाट राहत नाहीं. एका आळींतून दुसऱ्या आळींत जावयाचें तर एक पाखाडी उतरावी आणि दुसरी चढावी. दोहों बाजूंस गडगे, गडग्यांवर वाळलेलें शेवाळ, आंत माड आणि फणस. शनिवारीं सकाळीं आम्ही रत्नदुर्गावर गेलों. घोड्याच्या नालाच्या आकाराचा तो किल्ला, तीन बाजूंनीं पाणी, भगवतीचें देऊळ, पलीकडल्या टेकाडावर दीपगृह, आणि खालीं मिरकरवाड्याच्या बंदरांत दाटीनें उभ्या राहिलेल्या होड्या. एकाच गांवाला एका अंगास काळ्या वाळूचा किनारा आणि दुसऱ्या अंगास पांढऱ्या वाळूचा, याचें माझ्या मित्रांना मोठें कौतुक वाटलें. तेथून उतरून, १८५६ सालीं लोकमान्य टिळक ज्या घरांत जन्मले तें घर आम्हीं पाहिलें. आणि सावरकर जिल्ह्याबाहेर जाण्याची बंदी असतां या गांवीं राहत होते त्या काळांत, १९३१ सालीं, भागोजी कीर यांच्या द्रव्यानें उभें राहिलेलें व सर्व जातींना खुलें असलेलें पतितपावन मंदिरहि पाहिलें. दुपारीं थिबा राजवाड्याकडे वळलों.

ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८५ सालीं मंडाले येथें इंग्रजांच्या स्वाधीन झाला. १८८६ च्या एप्रिलांत त्याला रत्नागिरीस आणण्यांत आलें आणि १९१६ च्या डिसेंबरांत तो येथेंच वारला. म्हणजे तीस वर्षें. आज आपण जो वाडा पाहतों तो १९१० सालीं पुरा झाला. त्यापूर्वींचीं चोवीस वर्षें त्यानें दुसरीकडे काढलीं आणि या प्रशस्त वाड्यांत त्याच्या वांट्याला सहा वर्षें आलीं. वाडा उंचवट्यावर असून तेथून भाट्याची खाडी जेथें समुद्राला मिळते तें दृश्य दिसतें. त्या वेळीं ओहोटी होती. खाडीच्या पाण्यावर उतरतें ऊन पडलें होतें. माझे मित्र बराच वेळ स्तब्ध उभे राहिले, आणि मग म्हणाले, “याला बंदिवास म्हणावयाचें? असें दृश्य रोज मिळणार असेल तर मी आपण होऊन कैदी होईन.” मी हंसलों. वाक्य हंसण्यासारखेंच होतें.

परंतु थोड्या वेळानें माझ्या ध्यानांत एक साधी गोष्ट आली. हा समुद्र पश्चिमेचा. थिबाचा देश या पाण्यापलीकडे नव्हताच. तो त्याच्या पाठीशीं होता. सह्याद्री, सबंध हिंदुस्थान आणि आणखी एक उपसागर ओलांडावा तेव्हां लागणारा. तो समुद्राकडे पाहत असेल तेव्हां आपल्या घराकडे पाठ करूनच पाहत असला पाहिजे. आम्हांला तें दृश्य रमणीय वाटलें, कारण आमच्या खिशांत रविवारच्या रात्रीच्या गाडीचें तिकीट होतें. ज्या स्थळांतून हवें तेव्हां निघून जातां येतें तेंच स्थळ ‘दृश्य’ होतें. निघतां येत नसेल तर तेंच केवळ चार भिंतींतली आणखी एक भिंत.

यावर मित्रांचें म्हणणें असें पडलें कीं, थिबाविषयीं एवढा कळवळा बाळगण्याचें कारण नाहीं; त्याच्या कारकीर्दीच्या आरंभीं, १८७९ सालीं, मंडालेच्या वाड्यांत राजकुळांतील कितीतरी स्त्रीपुरुषांची कत्तल झाली. गोष्ट खरी आहे. त्या कत्तलींत त्याचा स्वतःचा हात किती आणि त्याच्या सासूचा किती हा वाद इतिहासकारांनीं सोडवावा. पण मीं कळवळ्याची गोष्ट काढलीच नव्हती. दुसऱ्याच्या कोंडीच्या खिडकींतून दिसणारें सौंदर्य आपण उपभोगावें तें कोणत्या नात्यानें, एवढाच माझा प्रश्न होता. आणि कोंडलेला मनुष्य साधु होता कीं पापी होता यानें त्या प्रश्नांत फरक पडत नाहीं. शिवाय दुसरी बाजू अशी कीं, याच रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य १९०८ पासून १९१४ पर्यंत त्याच मंडालेंत कैदी होते. इकडे थिबाचा नवा वाडा उभा राहिला त्याच वर्षाच्या हिवाळ्यांत तिकडे गीतारहस्य लिहिलें जात होतें. मंडालेचा किल्ला पाहून कोणी प्रवासी ‘अशा ठिकाणीं कैद म्हणजे सुखच’ असें म्हणाला असता तर आम्हांला तें रुचलें असतें काय? माझे मित्र यावर कांहीं बोलले नाहींत, पण त्यांनीं छायाचित्र मात्र काढलें.

थिबाची थोरली राजकन्या मात्र पाहणाऱ्यांच्या कोटींतली राहिली नाहीं. वाड्यांतील एका मराठी नोकराशीं तिचें मन जुळलें. त्यांची मुलगी याच गांवांत मराठी बोलत वाढली, तिनें येथेंच संसार केला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ती येथेंच हलाखींत राहिली. २०१२ सालीं त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष थिबाच्या थडग्याचें दर्शन घेण्यास आले, त्यापूर्वींच ती गेली होती.

आतां माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे येतों. तिच्यावांचून हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. गांवाच्या एका उतारावर आमचें वडिलोपार्जित घर आहे. आम्ही चौघे भाऊ पुण्यामुंबईस. घरांत आमची आत्या एकटी असते. तरुणपणींच वैधव्य येऊन ती माहेरीं परतली, आणि तेव्हांपासून दिवाबत्ती तिच्याकडे आहे. आतां तिला एक्याऐंशींवें वर्ष चालू आहे. रस्त्यावरून घरापर्यंत जी पाखाडी आहे तिला चौसष्ट पायऱ्या आहेत. आम्ही त्या संध्याकाळीं चढून गेलों तेव्हां मित्रांनीं ओटीवर पाऊल ठेवतांच उद्गार काढला, “आत्याबाई, तुमच्या घरांतून समुद्र दिसतो! भाग्यवान आहांत तुम्ही.”

“दिसतो खरा,” आत्या म्हणाली. “पण मी असते स्वैपाकघरात. आणि पावसाळ्यात त्या बाजूनं पाऊस आत येतो म्हणून झापं बांधावी लागतात. चार महिने समुद्र नाहीच आमच्याकडे.”

रात्रीं मित्र निजल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. “मला आता तिकडे ने रे,” ती हळूच म्हणाली. “गुडघे ऐकत नाहीत. माघापासून मी पाखाडी उतरलेली नाही. भगवतीला जाऊन दोन वर्षं झाली.”

मीं तत्काळ उत्तर दिलें, “अगं, ही एवढी सुंदर जागा सोडून पुण्याच्या त्या कोंदट खोलीत काय करशील तू?”

ती कांहीं बोलली नाहीं. कपबशा उचलून आंत गेली. माझ्या तोंडून तें वाक्य निघालें तेव्हां मला त्यांत कांहींच वावगें दिसलें नव्हतें. अंथरुणावर पडल्यावर दिसलें. दुपारीं राजवाड्यासमोर ज्या वाक्याला मी हंसलों होतों तेंच हें वाक्य. तफावत इतकीच कीं, मित्रांचें वाक्य शंभर वर्षांपूर्वीं मेलेल्या राजाला ऐकूं जाणार नव्हतें.

सौंदर्याचा आस्वाद स्वार्थरहित असतो असें जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें प्रतिपादन केलें आहे. वस्तु आपल्या उपयोगाची आहे किंवा नाहीं हा विचार सुटला म्हणजे ती सुंदर दिसते. मान्य. पण आमच्या घराच्या बाबतींत मीं हिशेब मांडून पाहिला तेव्हां तो स्वार्थ मला नीट आढळला. वर्षांतून एकदां, फार तर दोनदां, आम्ही तेथें जातों. आंबे खातों, ओटीवर बसतों, मुलांना समुद्र दाखवितों. तें दृश्य आमच्यासाठीं झाडूनपुसून ठेवण्याचें काम उरलेले तीनशेंपन्नास दिवस आत्या करते. उपनिषदांत एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचा दृष्टांत आहे. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो, आणि पाहणारा श्रेष्ठ ठरतो. लहानपणापासून हा दृष्टांत आपण ऐकतों, आणि आपण पाहणाऱ्याच्या बाजूचे आहों अशी आपली गोड समजूत असते. परंतु तो पाहणारा पक्षी त्याच झाडावर असतो. रविवारीं संध्याकाळीं तो उडून जात नाहीं. आमच्यासारख्यांनीं तर पाहावयाचेंहि आणि फळहि आपणच खावयाचें, अशी सोय करून ठेवली आहे.

मग पाहूंच नये काय? असें मी म्हणत नाहीं. रविवारीं सकाळीं आम्ही मिरकरवाड्याकडून येत असतां एक मासेवाली डोक्यावर पाटी घेऊन आमच्या पुढें चढत होती. अर्ध्या चढणीवर तिनें पाटी गडग्यावर टेकली, पदरानें मान पुसली आणि समुद्राकडे तोंड करून ती क्षणभर उभी राहिली. “पाहा,” मित्र म्हणाले, “तीहि पाहते आहे.” पाहत असेल. वारा घेत असेल. मला सांगतां आलें नाहीं, आणि तिला विचारण्याचें धैर्य आम्हां दोघांपैकीं कोणासहि झालें नाहीं. मात्र चढणीच्या श्रमानें पाहण्याचा हक्क मिळतो, ही मित्रांची उपपत्ति खरी धरली तर सबंध रत्नागिरी त्या बाईच्या मालकीची ठरते, एवढें मीं त्यांना ऐकविलें. हें त्यांनीं हंसून मान्य केलें. मोठा दिलदार मनुष्य आहे.

निघतांना मीं आत्याला म्हटलें, “मी भावांशी बोलतो.” तिनें “बरं” म्हटलें, आणि पिशवींत कोकमें कोंबलीं. वरच्या पायरीवर ती उभी राहिली होती. चौसष्ट पायऱ्या उतरावयाला मला तीन मिनिटेंहि लागलीं नाहींत.

सोमवारीं थोरल्या भावाशीं दूरध्वनीवर बोललों. त्यानें सगळें शांतपणें ऐकून घेतलें. आत्याची आबाळ होऊं नये हें त्यालाहि पटतें. तो वाईट मनुष्य नव्हे. पण शेवटीं तो म्हणाला, “ती इकडे आली म्हणजे घर बंद पडणार. मग मे महिन्यात मुलांनी जायचं कुठं?” मीं त्याला दोष दिला नाहीं. यंत्र खालीं ठेवल्यावर आमच्या घरांतील कोणती खोली तिच्यासाठीं मोकळी करतां येईल याचा मी विचार करूं लागलों. पण तो विचार करीत असतांनाहि ओटीवरून दिसणारा तो समुद्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.