सहीच्या आधी

चि. सोनूस,


तुझा कथासंग्रह प्रकाशकांनी स्वीकारल्याचं कळलं, फार आनंद झाला. प्रकाशनाला पाहुणे कोण, मुखपृष्ठ कुणाचं, याच गप्पा आता घरात चालल्या असतील. चालू देत. पण करारपत्र सहीसाठी आलंय म्हणतेस, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

पुस्तक काढताहेत हेच उपकार, असं नव्या लेखकाला वाटतं आणि पैशांचं विचारायला जीभ रेटत नाही. तू विचार. करारात ‘दहा टक्के रॉयल्टी’ असेल, तर ती कशावर? समज, पुस्तकाची किंमत 300 रुपये आहे. छापील किमतीवर रॉयल्टी असेल तर प्रतीमागे तुला 30 रुपये मिळतील. विक्रेत्याचं 40 टक्के कमिशन वजा जाऊन उरलेल्या रकमेवर असेल, तर 18. यातलं काय ठरलंय आणि हिशेब केव्हा मिळणार, ते कागदावर हवं.

मग हक्क. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. खरी भीती ‘सर्व हक्क, सर्व भाषांत, कायमस्वरूपी’ या एका ओळीची. ती दिसली की थांब. अनुवाद, ई-बुक, ऑडिओबुक, नाटक, चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घे; जे प्रकाशक स्वतः वापरणार नाहीत, ते तुझ्याकडेच राहू देत.

छपाईखर्चात वाटा मागितला तर सरळ नाही म्हण. पैशांचीच अडचण असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकांसाठीच आहे. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे विनामूल्य मिळतो, त्याचेही पैसे देऊ नकोस.

संपादक लाभला तर त्याचं ऐक. ‘सत्यकथा’ मासिकासाठी श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा पुनःपुन्हा लिहून घेत. त्यात लेखकांचं भलंच झालं. मात्र तुझ्या पात्रांची बोली कुणी प्रमाणभाषेत बसवू लागलं, तर अडून बस.

आणि प्रुफं! तू युनिकोडमध्ये टाइप केलंस. छपाईसाठी मजकूर पुष्कळदा दुसऱ्या फॉन्टमध्ये नेतात आणि तिथे जोडाक्षरं मोडतात. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ हे शब्द मुद्दाम शोधून बघ, यांतला र हमखास बिघडतो. शेवटचं प्रूफ कागदावर माग. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल फिरवायची. आपलं लेखन आपल्याला पाठ असतं, त्यामुळे गळलेला शब्दही डोळे वाचून टाकतात. अनुक्रमणिकेतले पृष्ठांक, कथांची शीर्षकं, अर्पणपत्रिका, मलपृष्ठ, कण्यावरचं तुझं नाव, हे सगळं अक्षर अन् अक्षर तपास. एकदा फॉर्म छपाईला गेले की हाती फक्त शुद्धिपत्र उरतं.

करारपत्राचा फोटो आजच पाठव. मी वाचून कळवेपर्यंत सही करू नकोस. प्रकाशकांनी घाई केली, तर मावशी वाचतेय म्हणून खुशाल सांग.

तुझी,
मावशी