आवाज गेला वाटते

‘सैराट’चा शेवट आठवतो? (बघितला नसेल, तर हे दोन परिच्छेद सोडा.) नागराज मंजुळेंच्या या २०१६ च्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर भलामोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. तीन तास ते संगीत अंगावर येत राहतं. आणि शेवटी लहान मूल घरात येतं, तेव्हा आवाजच थांबतो. संगीत नाही, रडणं नाही, काहीच नाही.

खामगावच्या आमच्या घरी टीव्हीवर नेमका तो क्षण आला आणि बाबा म्हणाले, ‘आवाज गेला वाटते.’ त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवत नेला. थोड्याच वेळात जाहिरात लागली. भिंती हादरल्या. आई ओरडली, ‘कमी करा नं तो! लोक काय म्हणतीन?’ मी हसलो. बाबा काही न बोलता अंगणात जाऊन बसले.

त्यानंतर ते आमच्यासोबत सिनेमा बघायला बसेनात. ‘तुम्ही पाहा, मले झोप येते,’ एवढंच.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठलीही अडचण दिसली की ती आधी बग वाटते. सुट्टीत घरी आलो आणि कामाला लागलो.

तक्रार तर तुमच्याही घरी असेल: संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा आणि मारामारी सुरू झाली की रिमोटकडे धावायचं. याचं कारण साधं आहे. सिनेमाचा आवाज थिएटरसाठी बांधलेला असतो. तिथे शांतता असते, त्यामुळे कुजबुज आणि स्फोट यांच्यात मोठं अंतर ठेवता येतं. शिवाय संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. घरच्या टीव्हीला मधला स्पीकर नसतो. तो आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये मिसळला जातो आणि संगीताच्या गर्दीत हरवतो.

यावर दोन उपाय आहेत, आणि ते एकच नाहीत. पहिल्यात सगळा कार्यक्रम एकाच मापाने वर किंवा खाली सरकवायचा. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेची २०१० ची आर-१२८ ही शिफारस अशी आहे: कार्यक्रम असो की जाहिरात, सरासरी जाणवणारा आवाज उणे २३ एलयूएफएस या एकाच पातळीवर ठेवा. यात कार्यक्रमाच्या आतला चढ-उतार शाबूत राहतो. दुसऱ्या उपायाला कम्प्रेशन म्हणतात. मोठा आवाज दाबायचा, मग लहान आवाज उचलायचा. टीव्हीच्या सेटिंगमधला ‘नाईट मोड’ साधारण हेच करतो.

मी नाईट मोड लावला. काम फत्ते झालं असं वाटलं, पण मनात खटकत होतं. कोणीतरी महिनोन्‌महिने बसून ठरवलेले चढ-उतार मी एका बटणाने सपाट केले होते. सगळ्यांना सारखं करणं म्हणजे न्याय, की सगळ्यांचा आवाज एकसुरी करणं? माझ्या मनाने दिग्दर्शकाची बाजू घेतली. दोन दिवसांनी मी नाईट मोड बंद केला.

या सगळ्यात बाबांना मी काहीच विचारलं नव्हतं. ते विचारायला माझे आणखी दोन दिवस गेले. ‘बाबा, तुम्हाला नक्की काय ऐकू येत नाही?’

ते म्हणाले, ‘आवाज येते बाबू. शब्द येत नाही.’

बाबांनी तीस वर्षं जिनिंग-प्रेसिंगमध्ये मशीनवर काम केलं. कापसाच्या या गावात अशी माणसं घरोघरी सापडतील. मी त्यांना अकोल्याला नेऊन कान तपासून घेतले. मशीनच्या गोंगाटाने कान जातो, तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ पुसट होतात, पण ‘आ’, ‘ओ’ ऐकू येत राहतात. म्हणून आवाज वाढवला तरी शब्द उलगडत नाहीत. त्यात असा कान मोठ्या आवाजाला मात्र लवकर दुखतो. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यामधली जागाच अरुंद होते. श्रवणयंत्रही म्हणूनच कम्प्रेशन करतं. (ते घ्यायला बाबा अजून तयार नाहीत.)

म्हणजे ज्या चढ-उतारांसाठी मी नाईट मोड बंद केला, ते बाबांपर्यंत कधी पोचतच नव्हते. दिग्दर्शकाचा मान मी राखला, पण त्याची किंमत बाबा भरत होते.

शेजाऱ्यांच्या कानांसाठी कायदा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. घरातल्या घरात मात्र ज्याच्या हातात रिमोट, त्याचा कान हाच कायदा. आणि बाबांच्या हातून तो आम्ही हसून काढून घेतला होता.

मग नाईट मोड कायमचा लावून टाकावा का? पण ‘सैराट’च्या त्या शेवटाचं काय? शून्य आवाज कितीही उचलला तरी शून्यच राहतो. तिथे बाबांना कमी ऐकू येतं हा प्रश्नच नव्हता. तिथे आम्हालाही काही ऐकू येत नव्हतं. फक्त आम्हाला ते मुद्दाम केलंय हे कळलं, आणि त्यांना वाटलं, आपलंच काही चुकतंय. कमी ऐकणाऱ्या माणसाला शांततेवर विश्वास ठेवता येत नाही.

फोनवरच्या अ‍ॅपने मी खोलीतला आवाज मोजला. टीव्ही बंद असताना आकडा साठच्या आसपास होता. मे महिन्यातल्या खामगावात हा आवाज कुठून येणार? कूलर! इतकी वर्षं आम्ही टीव्ही आणि बाबा यांच्यात भांडण लावत होतो, आणि तिसरा गुपचूप घोंघावत होता.

शेवटच्या रात्री मी बाबांना आग्रहाने बसवलं. ‘सैराट’ पुन्हा लावला, या वेळी ओटीटीवर, जाहिरातींशिवाय. नाईट मोड चालू ठेवला. शेवटची वीस मिनिटं राहिली तेव्हा आईच उठली आणि तिने कूलर बंद केला. ‘घामानं काही मरत नाही कोनी,’ ती म्हणाली.

पाच मिनिटांत सगळे भिजलो. मग मूल दारात आलं. या वेळी घरातही आवाज नव्हता. रिमोट बाबांच्या शेजारीच पडला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

त्यांनी रिमोट उचलला नाही.